प्रश्न क्रमांक त्र्याहत्तर आणि माझा गोल शिक्का

माझ्या मुलीच्या वकिलीच्या प्रवेशाआड जगात एकच माणूस आला आणि तो मी होतो, हे सुरुवातीलाच सांगून टाकतो. नाहीतरी आमच्या इमारतीत ते सगळ्यांना ठाऊक आहे. समोरच्या दारातला विमा एजंट तर ते नव्या गिऱ्हाइकांना सांगतो. संकट कुठल्या दिशेनं येईल याचा नेम नसतो, हे पटवायला त्याला माझा उपयोग होतो.

मी वजनमापे खात्यात निरीक्षक आहे. गेली सव्वीस वर्षं दुकानदारांचे काटे तपासतो. पितळी वजनांची लाकडी पेटी घेऊन दुकानात शिरायचं, काट्यावर आपलं वजन ठेवायचं आणि दुकानदाराच्या तोंडाकडे पाहायचं. काट्यात खोट असेल तर ती काट्याआधी तोंडावर दिसते. या नोकरीचा माणसावर एक परिणाम होतो. कुठलाही आकडा समोर आला की तो कोणी मोजला, कशावर मोजला आणि त्या यंत्रावर यंदाचा शिक्का आहे का, हे विचारल्याशिवाय मला घास उतरत नाही. मुलगी झाली तेव्हा नर्स म्हणाली, "दोन किलो शंभर." मी म्हणालो, "शिक्का गेल्या वर्षीचा दिसतोय." दुर्दैवानं बायको तेव्हा पूर्ण शुद्धीवर होती, त्यामुळे ते वाक्य तिला अजून पाठ आहे. दुसऱ्या दिवशी मी पेटी घेऊन दवाखान्यात गेलो आणि तो काटा चाळीस ग्रॅम कमी दाखवतो हे सिद्ध केलं. म्हणजे मुलगी दोन किलो एकशे चाळीस भरली. तरी छटाकभरच. तेव्हापासून घरात तिचं नाव छटाक पडलं.

या छटाकला वकील व्हायचं होतं. का, ते मला नक्की माहीत नाही. मी कोर्टात साक्षीला गेलो की दुकानदारांचे वकील मला कसे सोलून काढतात, हे ती लहानपणापासून जेवताना ऐकत आली आहे. बहुधा तिला त्यात माझी बाजू घ्यावीशी वाटली असेल. किंवा वकिलांची. मी कधी विचारलं नाही.

गेल्या वर्षी प्रवेश परीक्षेत तिचं थोडक्यात हुकलं. यंदा ती दुसऱ्यांदा बसली आणि बसण्याआधी तिनं सांगून टाकलं, "या वेळी नाही झालं तर पुन्हा नाही. मामाच्या गोदामात कामाला जाईन." छटाक मोठ्यानं बोलते त्या गोष्टी दोन दिवसांत बदलतात. हे ती हळू बोलली होती. आणि मामाच्या गोदामात एकदा गेलेलं माणूस बाहेर पडत नाही, हे मामाकडे पाहिलं तरी कळतं.

निकाल लागला त्या सकाळी ती मोबाइलकडे बघून म्हणाली, "सत्याऐंशी." आणि वाळलेले कपडे काढायला गच्चीत गेली. दीडशेपैकी सत्याऐंशी. गेल्या वर्षी प्रवेश अठ्ठ्याऐंशीवर बंद झाले होते. एक गुण! मी आयुष्यभर मिलिग्रॅमवर भांडलेला माणूस, मला एक म्हणजे केवढा असतो ते सांगायला नको. मी गच्चीत गेलो आणि म्हणालो, "काळजी करू नकोस." ती म्हणाली, "नाही करत." मग मीच करायला लागलो. घरात कोणीतरी करायला हवी होती.

काळजी ही गोष्ट मला एकट्यानं जमत नाही. मी वरच्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापकांकडे गेलो. त्यांनी चष्मा लावला, वही काढली आणि मागच्या पाच वर्षांचे आकडे मांडून एक आलेख काढला. रेघ एकदा वर जात होती, एकदा खाली. "यावरून काय दिसतं?" मी विचारलं. "यावरून असं दिसतं," ते म्हणाले, "की यंदा ती वर किंवा खाली जाईल." एवढं सांगून त्यांनी मला चहा पाजला आणि त्यांच्या काळात मुलं किती अभ्यास करायची ते तासभर ऐकवलं.

विमा एजंट जिन्यातच भेटला. त्याला सगळं आधीच माहीत होतं. "गुण वाढवायचे तर पुन्हा परीक्षा कशाला?" तो म्हणाला. "हरकत घ्या! उत्तरतालिका लागली आहे ना? त्यातला एखादा प्रश्न चुकीचा आहे हे दाखवून द्या. तीन दिवसांची मुदत असते. माझ्या साडूच्या मुलाचे असेच दोन गुण वाढले."

चुकीचं माप शोधून काढणं! सव्वीस वर्षं मी दुसरं काय करत आलो होतो? मी जिना चढलो तो तरुण होऊनच.

बायको घरी कपडे शिवते. मी सांगितलं तेव्हा ती एका झग्याची उंची घेत होती. तोंडातल्या टाचण्या काढून म्हणाली, "आधी तिला विचारा. ज्याचं माप घ्यायचं त्याला समोर उभं करावं लागतं." मी म्हणालो, "तिच्या डोक्याला उगाच ताप कशाला? झालं की सांगू." माझ्या आयुष्यातली बहुतेक संकटं 'झालं की सांगू' या तीन शब्दांपासून सुरू झालेली आहेत. त्या दिवशी मला ते आठवलं नाही.

मी प्रश्नपत्रिका घेऊन बसलो. पहिले बहात्तर प्रश्न मला काही बोलता येण्यासारखे नव्हते. पाच माणसं गोल टेबलाभोवती बसली आहेत, क हा ब च्या शेजारी नाही, तर ड कोणाकडे पाहतो आहे? कोणाकडेही पाहीना का, मला काय करायचंय? आणि मग प्रश्न क्रमांक त्र्याहत्तर आला.

'एक व्यापारी खरेदीच्याच भावाने माल विकतो, परंतु एक किलोऐवजी नऊशे ग्रॅमचे वजन वापरतो. त्याचा शेकडा नफा किती?' पर्याय होते: दहा टक्के, अकरा पूर्णांक एक नवमांश टक्के, नऊ टक्के आणि यांपैकी नाही. तालिकेत उत्तर दिलं होतं, अकरा पूर्णांक एक नवमांश.

माझ्या कानशिलाच्या शिरा उडायला लागल्या. नफा? वकील होऊ घातलेल्या मुलांना, कायद्याच्या दारात उभं करून, हे विचारतायत की खोट्या वजनावर नफा किती? अहो, शंभर ग्रॅम मारलेलं वजन दिसलं की ते जप्त होतं, पंचनामा होतो, खटला भरला जातो! कसला शेकडा आणि कसला नवमांश! याचं कायदेशीर उत्तर एकच: यांपैकी नाही. आणि माझी मुलगी, निरीक्षकाची मुलगी, लहानपणी पेटी धरून माझ्याबरोबर बाजारभर हिंडलेली, तिनं दुसरं काही लिहिलं असेल हे माझ्या मनाला शिवलंसुद्धा नाही. हाच तो गेलेला एक गुण! मला तो काट्यावर ठेवल्यासारखा स्पष्ट दिसत होता.

मी चार पानी हरकत लिहिली. प्रमाणित वजनात किती फरक चालतो, किती चालत नाही, पडताळणी कशी होते, सगळं सविस्तर. शेवटी सही केली, खाली हुद्दा लिहिला आणि पेटीतून गोल शिक्का काढून मारला. यात माझा हेतू काही वाईट नव्हता. आमच्या खात्यात ज्याला दोष दिसला त्यानं सही करायची, हुद्दा लिहायचा आणि शिक्का मारायचा, अशी पद्धत आहे. सव्वीस वर्षांत मी बिनशिक्क्याचा कागद बाहेर जाऊ दिलेला नाही. तसा कागद मला अंगात सदरा नसलेल्या माणसासारखा वाटतो.

परीक्षा कार्यालयात खिडकी क्रमांक दोननं मला चारकडे पाठवलं. चारनं विचारलं, उमेदवाराचा बैठक क्रमांक कुठे आहे? मी घरी जाऊन छटाकच्या कपाटातून तिचं प्रवेशपत्र गुपचूप काढून आणलं. तोवर चार जेवायला गेली होती. मग दोन प्रती हव्या होत्या. मग दुसरी प्रत पहिलीसारखीच आहे असं लिहून हवं होतं. तेही दिलं. शेवटी खिडकीतल्या कारकुनानं पानं उलटली, चौथ्या पानावर आला, शिक्का पाहिला आणि चक्क उभा राहिला.

"साहेब, आधी सांगायचं ना," तो म्हणाला. मला आत नेलं, खुर्ची दिली, कपबशीतून चहा दिला. सरकारी कचेरीत मला कोणी कपबशीतून चहा देण्याची ही पहिलीच वेळ. चांगल्या मुद्देसूद लिखाणाचा असा मान होतो, असं समजून मी तो चवीनं प्यायलो. एक गुण घेऊन जिना उतरल्यासारखा घरी आलो.

सहाव्या दिवशी संध्याकाळी जेवायला बसताना मी मोबाइल काढला आणि सूचना मोठ्यानं वाचली. "संबंधित शासकीय खात्याने घेतलेल्या हरकतीस अनुसरून प्रश्न क्रमांक त्र्याहत्तर रद्द करण्यात येत असून त्याचे गुण कोणासही दिले जाणार नाहीत." छटाकचा गुण वाढला नाही तरी बाकीच्यांचा एक कमी झाला, म्हणजे माझ्या हिशेबानं तेच. 'संबंधित शासकीय खात्याने' हे जरा खटकलं, पण विजयाच्या भरात मी ते सोडून दिलं. "ही हरकत कोणी घेतली, माहीत आहे?" मी विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं.

छटाकनं पाण्याचा पेला खाली ठेवला. "बाबा," ती म्हणाली, "तो माझा बरोबर होता."

"म्हणजे?"

"मी अकरा पूर्णांक एक नवमांशच लिहिलं होतं."

"तू? निरीक्षकाची मुलगी?"

"तुम्हीच शिकवलंत. सातवीत होते मी. बाजारात त्या धान्यवाल्याकडे. गिऱ्हाइकाचं नुकसान हजारावर मोजायचं आणि दुकानदाराचा नफा नऊशेवर, म्हणून तो दहा नसतो, अकराच्या वर जातो, असं मला पोत्यावर बसवून समजावलं होतंत. पेपरात प्रश्न दिसला तेव्हा मी हसले. बाकी सगळे दहा लिहून आले. मी घरी येऊन तुम्हाला सांगणार होते. पण निकालापर्यंत थांबले. मग सत्याऐंशी आले, तेव्हा सांगावंसं वाटलं नाही."

बायकोनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, आणि तिनं पाहिलं नाही की समजायचं.

छटाकचे गुण शहाऐंशी झाले. चार दिवसांनी तात्पुरती यादी लागली. साठ जागा. यादी यंदा शहाऐंशीवर बंद झाली होती! म्हणजे सत्याऐंशीला ती आरामात आत होती. पण शहाऐंशीवर बरेच जण अडकले, त्यांत पदवीचे गुण पाहिले गेले आणि आमची छटाक प्रतीक्षा यादीत तिसरी गेली. ती रडली असती तर मला सोपं गेलं असतं. ती आईच्या शिवणयंत्राशेजारी खाली बसली आणि कापडाच्या चिंध्या रंगांप्रमाणे वेगळ्या करायला लागली. लाल एकीकडे, निळ्या एकीकडे. त्या चिंध्या फेकायच्या होत्या. मामाच्या गोदामात असंच काहीतरी काम असतं. मी दारात उभा राहून ते पाहिलं.

शेजाऱ्यांनी धीर दिला. मुख्याध्यापक म्हणाले, "चौतीस वर्षं नोकरी केली. मुलांचे गुण वाढवायला आलेले बाप पुष्कळ पाहिले. कमी करून घेणारा पहिलाच." विमा एजंट म्हणाला, "आता पहिल्या हरकतीवर दुसरी हरकत घ्या." त्याला मी दार लावून बाहेर ठेवलं. नंतर लक्षात आलं की या सगळ्या प्रकरणात शहाणपणाचं बोलणारा तोच होता. छटाकनं ते दाराआडून ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती माझ्यासमोर येऊन बसली. हातात एकच कागद होता, आणि त्यावर जेमतेम दहा ओळी.

"नियम वाचले मी," ती म्हणाली. "हरकत फक्त उमेदवार घेऊ शकतो, त्यानं स्वतः सही करून. तुमच्या अर्जावर माझी सही नाही. म्हणजे तो अर्ज घ्यायलाच नको होता. खिडकीवाल्यानं शिक्का पाहिला आणि खात्यानं पाठवलाय असं समजला. यादी पक्की होण्याआधी सुनावणी मागता येते. मी मागितली आहे. उद्या अकरा वाजता."

"छान!" मी म्हणालो. "मी काय करू?"

"तुम्हाला साक्षीला यावं लागेल." तिनं कागदाची घडी घातली. "बाबा, मला शिक्क्याबद्दल विचारावं लागेल. तुम्हाला अधिकार नव्हता हे तुमच्या तोंडून यायला हवं. मग परीक्षा नियंत्रक बाई तुमच्या खात्याला कळवतील. तुम्हाला त्रास होईल. नको म्हणालात तर मी नाही जात. खरंच नाही जात."

आता इथे मी मोठेपणानं ताबडतोब हो म्हणालो असं लिहायला मला आवडलं असतं. मी आधी चष्मा पुसला. सव्वीस वर्षांत माझ्यावर एक ओळीचासुद्धा ठपका नाही, हीच काय ती माझी मिळकत. मग म्हणालो, "विचार. पण नीट विचार. कोर्टात मला अर्धवट प्रश्न विचारणाऱ्यांचा फार राग येतो."

परीक्षा नियंत्रक बाई शांत होत्या. टेबलावर माझी चार पानं, छटाकचं एक. बाजूला चार नंबरच्या खिडकीतला कारकून उभा होता. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की तो कपबशीतला चहा मी परत करावा, असं त्याला वाटत असावं.

"खात्याचा मुद्दा मला पटला होता," बाई म्हणाल्या. मी आवाज साफ करून खोट्या वजनांविषयी चार शब्द सांगायला उठलो.

"बाबा, बसा," छटाक म्हणाली. "विचारीन तेवढंच सांगा."

हे वाक्य मला आजवर सरकारी वकिलानं असंख्य वेळा ऐकवलं आहे. इतकं बरोबर कोणी म्हटलं नव्हतं. मी बसलो.

"या अर्जावर सही कोणाची आहे?"

"माझी."

"परीक्षेला तुम्ही बसला होतात?"

"नाही."

"अर्ज करण्याआधी उमेदवाराला विचारलंत?"

"झालं की सांगणार होतो."

"विचारलंत का?"

"नाही."

"खात्यानं तुम्हाला ही हरकत घ्यायला सांगितली होती?"

इथे तिचा आवाज किंचित हलला. बाईंना कळलं नसेल. मला कळलं, कारण मी काट्याची थरथर ओळखून पोट भरतो.

"नाही," मी म्हणालो. "खात्याचा काही संबंध नाही. शिक्का मी सवयीनं मारला. मला तो अधिकार नव्हता."

"मग ही हरकत तुम्ही कोण म्हणून घेतलीत?"

सव्वीस वर्षं साक्षी दिल्या. 'मी वजनमापे निरीक्षक' याच्यापुढे माझी ओळख कधी गेली नव्हती.

"बाप म्हणून," मी म्हणालो.

"बाप म्हणून हरकत घेता येते असा नियम आहे?"

"नाही," मी म्हणालो. "बघितला मी. नाही."

बाईंनी तोंडावर हात धरला. मग छटाककडे वळून म्हणाल्या, "पण त्यांचा मुद्दा? खोटं वजन वापरणाऱ्याच्या नफ्याबद्दल विचारावं का?"

"प्रश्न गुन्हा विचारत नाही, मॅडम, नफा विचारतो," छटाक म्हणाली. "किती मारलं हे आधी मोजावं लागतं. मगच खटला भरता येतो. हे मी घरीच शिकले."

मला खाली पाहावं लागलं. टेबलाच्या पायाची एक बाजू झिजलेली होती, ती मी बराच वेळ निरखली.

प्रश्न क्रमांक त्र्याहत्तर परत आला. सत्याऐंशी परत आले. पक्क्या यादीत छटाक त्रेपन्नाव्या नंबरावर होती. तो आकडा कोणी मोजला, कशावर मोजला, हे मी विचारलं नाही. बायकोनं ती यादी तिच्या शिवणयंत्रासमोर टाचणीनं लावून ठेवली. मुख्याध्यापक अभिनंदनाला आले, आलेखाची वही घेऊनच. रेघ वर किंवा खाली जाईल, हे आपण म्हणालोच होतो, याची त्यांनी आठवण करून दिली.

आठवड्यानं माझ्या नावानं खात्याचं पत्र आलं. शासकीय शिक्क्याचा खाजगी कामासाठी वापर, सात दिवसांत लेखी खुलासा करावा. मी खुलासा लिहायला बसलो. अडीच पानं झाली तेव्हा छटाकनं ती काढून घेतली, वाचली आणि बाजूला ठेवली. मग तिनं कोरा कागद ओढला आणि माझ्यासाठी सहा ओळी लिहिल्या. त्यात कुठेही रडगाणं नव्हतं. चूक झाली, सवयीनं झाली, मी स्वतः ती सुनावणीत कबूल केली आहे, कोणाचंही नुकसान टिकलेलं नाही. मी दोनदा वाचलं. एवढ्या वर्षांत माझी बाजू कोणी इतकी नीट मांडली नव्हती.

"कॉलेज अजून सुरू व्हायचंय," मी म्हणालो, "आणि तुला अशील मिळालं."

"फार बोलणारं आहे," ती म्हणाली. "सही करा."

मी सही केली. खाली हुद्दा लिहिला. आणि माझा हात आपोआप पेटीकडे गेला.

छटाकनं नुसती मान हलवली. मी हात मागे घेतला आणि कागद तिच्याकडे दिला.